खोली घेण्याआधी एक प्रश्न

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी सप्टेंबरात काय चाललेलं असतं ते मला पाठ आहे. छोटा कुकर, मेतकूट, गोडा मसाला, थर्मल कपडे आणि वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा चढणारी बॅग. या धांदलीत एक प्रश्न मात्र राहून जातो. जी खोली ठरवली आहे, त्या पत्त्यावर तुझी नोंदणी होणार आहे ना? मी हल्ली भेटेल त्याला आधी हेच विचारते, कारण आखेनमधलं माझं पहिलं सत्र याच एका गोष्टीपायी विस्कटलं होतं.

तिथे घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट लागतो, आणि खोली देणाऱ्याच्या सहीचा, ‘ही व्यक्ती इथे राहायला आली आहे’ असं सांगणारा कागद लागतो. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही.

ऑक्टोबरात हिवाळी सत्र सुरू होतं तेव्हा आखेनसारख्या विद्यार्थ्यांच्या गावात खोल्यांची मारामार असते. वसतिगृहाची यादी लांबलचक. मला पुण्यात असतानाच पोटभाड्याने एक खोली मिळाली. घरचे निर्धास्त झाले. तिथे पोचल्यावर कळलं की मूळ भाडेकरूने घरमालकाला न विचारताच ती मला दिली होती. त्यामुळे तो सही द्यायला तयार होईना. “थोडेच दिवस राहायचंय, नोंदणी कशाला हवी?” हे त्याचं ठरलेलं उत्तर.

त्या एका सहीवाचून पुढचं सगळं अडलं. ज्या बँकेत गेले तिने खातं उघडायला नोंदणीचा दाखला मागितला. खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले दरमहाचे पैसे मिळेनात. २०२४च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्याला व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो त्या खात्यात दाखवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरो सुटतात. वडिलांनी कर्ज काढून भरलेले पैसे माझ्याच नावावर होते आणि मी किराणा घेताना ब्रेडची किंमत बघून हात मागे घेत होते. व्हिसा काही महिन्यांचाच, पुढच्या परवान्यासाठीही पत्ता हवाच.

टपालपेटीची गोष्ट तर आजही आठवली की घशाशी येते. तिथे पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो, घंटीवर आणि पेटीवर आडनाव असतं. नाव दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो. आरोग्यविम्याचं कार्ड, बँकेचा पिन, कराचा नंबर, सगळं टपालानेच येतं. मी कागदाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत आडनाव लिहून पेटीवर चिकटपट्टीने लावलं. दुसऱ्या दिवशी ती पट्टी खरवडून काढलेली, चिकटपट्टीचा एक कोपरा तेवढा उरलेला. घरमालकाच्या नजरेला पडू नये म्हणून त्या मूळ भाडेकरूनेच काढली होती. विम्याचं कार्ड परत गेलं ते असं.

शेवटी सांगलीकडच्या एका सीनियर ताईने तिच्या सामायिक फ्लॅटमधली रिकामी होणारी खोली मला मिळवून दिली. तिच्या घरमालकाने पहिल्याच दिवशी सही दिली. कचेरीतलं काम काही मिनिटांत उरकलं, पण तिथली वेळ आधी घ्यावी लागते आणि सत्राच्या सुरुवातीला ती लवकर मिळत नाही. जायची तारीख ठरली की लगेच ती वेळ घेण्याच्या मागे लागा.

म्हणून खोली देणाऱ्याला पैशांची बोलणी करण्याआधी लेखी विचारा, नोंदणीचा कागद देणार का? तो देणं कायद्याने त्याचं काम आहे. टाळाटाळ झाली तर खोली सोडून द्या. ‘मी परदेशात आहे, अनामत पाठव, किल्ल्या कुरिअरने येतील’ असं कुणी म्हणालं तर ती फसवणूकच समजा. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती हप्त्यांत देता येते. मूळ भाडं म्हणजे हीटिंग वगैरे सोडून, हेही नीट विचारून घ्या.

नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. आपल्याकडे टीव्ही नाही म्हणून ते फेकू नका. ही वर्गणी घरामागे असते, महिन्याला १८.३६ युरो, आणि फ्लॅटमध्ये एकाने भरली की बाकीच्यांना वेगळी भरावी लागत नाही.

पालकांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलगी फोनवर “कागद अडलाय” म्हणाली तर तिला आळशी ठरवू नका. त्या दिवसांत ती खरोखर एका सहीसाठी दारोदार फिरत असते. आणि मुलांनो, वसतिगृहाचा अर्ज व्हिसाची वाट न बघता, प्रवेशाचं पत्र हाती पडेल त्याच दिवशी भरा.