जलाशयातील होडीसाठी साइड स्कॅन सोनारची निवड

बंगळूरूच्या वायव्येस अर्कावती नदीवरील हेसरघट्टा तलाव १८९४ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला. त्याच परिसरात केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यकी संशोधन संस्थेचे केंद्र असून जलाशयांतील मत्स्यव्यवसाय हा त्याच्या अभ्यासाचा प्रमुख विषय आहे. सोनारही या शहराला नवखे नाही. कोचीच्या एनपीओएल प्रयोगशाळेने आखलेली नौदलाची ‘हुम्सा’ सोनार यंत्रणा भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बंगळूरू कारखान्यात तयार झाली. मात्र पाणबुडीचा माग काढणारे यंत्र आणि कटला-रोहूच्या होडीवरील यंत्र यांचे तत्त्व एक असले, तरी निवडीचे निकष फार निराळे आहेत.

साधा फिश फाइंडर ध्वनीचा शंकू सरळ खाली सोडतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो व प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळेवरून खोली कळते. शंकूचा कोन २० अंश असेल, तर तळावरील दृश्य वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण एकतृतीयांश असतो. म्हणजे १० मीटर पाण्यात जेमतेम साडेतीन मीटर. शिवाय होडीच्या चाहुलीने उथळ पाण्यातील मासा बाजूला सरकतो आणि नेमका या शंकूबाहेर राहतो. पृष्ठभागालगत चरणारा कटला तर त्यात क्वचितच सापडतो. साइड स्कॅन सोनार दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पातळ किरण सोडतो आणि होडी पुढे सरकेल तशी तळाची एकेक रेघ जोडून चित्र तयार करतो. पडद्याच्या मध्यभागी दिसणारा काळा पट्टा हा यंत्रातील दोष नव्हे. तो होडीखालच्या पाण्याचा थर होय आणि त्याची एका बाजूची रुंदी म्हणजेच तेथील खोली.

जलाशयात या यंत्राचा खरा उपयोग मासा दाखवण्यापेक्षा जाळे वाचवण्यात आहे. धरणाच्या पाण्याखाली न तोडलेली झाडे, विहिरींचे कठडे, घरांची जोती राहून गेलेली असतात. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे मंदिर पातळी घटली की वर येते, हे सोलापूर-इंदापूरकडील वाचकांस ठाऊकच आहे. अशा ठिकाणी गिलनेट अडकले, तर दिवसाची मासळी आणि जाळ्याची किंमत दोन्ही जातात. सोनारच्या चित्रात उंच वस्तूमागे सावली पडते. सावलीची लांबी, तळापासून ट्रान्सड्यूसरची उंची आणि ट्रान्सड्यूसरपासून सावलीच्या टोकापर्यंतचे तिरके अंतर माहीत असले, की वस्तूची उंची काढता येते. समजा, ट्रान्सड्यूसरखाली १० मीटर पाणी आहे, सावली ८ मीटर लांब आहे आणि तिचे टोक ४० मीटरवर आहे. दहाला आठाने गुणून चाळीसने भागले असता २ मीटर येतात. तळ सपाट असल्यास तेवढ्या उंचीचे खोड तेथे उभे आहे. मासा तळापासून वर असेल, तर तो व त्याची सावली यांत अंतर पडते. नवशिक्यास हे वाचण्यास काही आठवडे लागतात.

आता होडीचा विचार. कर्नाटकातील अनेक जलाशयांत हरिगोलु, म्हणजे टोपलीसारखी गोल होडी, वापरतात. ती वल्ह्यागणिक डोलते आणि फिरते. साइड स्कॅनचे चित्र मात्र सरळ रेषेत, एकसमान संथ गतीने जाणाऱ्या होडीवरूनच सुवाच्य येते. वळणावर ते ताणले वा दुमडले जाते. म्हणून गोल होडीसाठी हे यंत्र घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. तेथे साधा खालदर्शी फिश फाइंडरच योग्य. लांबट होडीस लहान इंजिन असल्यास ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसापासून दूर बसवावा आणि दोन्ही बाजूंस त्याच्यापुढे होडीचा कोणताही भाग आडवा येऊ नये.

वारंवारितेबाबत विक्रेते मोठ्या आकड्यांवर भर देतात. सुमारे ४५५ किलोहर्ट्झवर किरण दूर जातो, परंतु बारकावे कमी दिसतात; ८०० किलोहर्ट्झ व त्यापुढे चित्र स्वच्छ, पण पल्ला आखूड. खोडे शोधण्यासाठी दोन्ही वारंवारिता असलेले यंत्र बरे. पल्ला एकेका बाजूस ३० ते ४० मीटरच ठेवल्यास लहान पडद्यावरही खुणा ओळखू येतात. त्याहून महत्त्वाची बाब ट्रान्सड्यूसरची. पडदा साइड स्कॅनचा, पण सोबतचा ट्रान्सड्यूसर केवळ खालदर्शी, अशी विक्री होते. त्यामुळे दरपत्रकात त्याचा क्रमांक लिहून घ्यावा. जीपीएस नसेल, तर सापडलेले खोड पुन्हा सापडणार नाही. विजेचा हिशेबही आधी करावा: १ अँपिअर घेणारे यंत्र १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर कागदोपत्री सात तास चालते, जुन्या बॅटरीवर त्याहून बरेच कमी.

माशाची जात हे यंत्र सांगत नाही. रोहू की चिलापी, हे जाळे ओढल्यावरच कळते. खोल समुद्रातील नौकांसाठीही ते नव्हे. तेथे कमी वारंवारितेची यंत्रे लागतात.

किंमत साध्या फिश फाइंडरच्या कित्येक पट असल्याने एकट्या मच्छीमाराने कर्ज काढण्यापेक्षा सहकारी संस्थेने एक यंत्र घेऊन जलाशयाचा नकाशा करून सर्वांस देणे हितावह ठरते. खोडे काही जागा बदलत नाहीत. ज्या जलाशयाची पातळी दर उन्हाळ्यात खूप उतरते, तेथे आणखी स्वस्त मार्ग आहे. मे महिन्यात उघड्या पडलेल्या पात्रात फिरून खोडे, कठडे व जोती यांच्या जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवाव्यात. पाणी भरल्यावर जेवढा भाग नोंदीबाहेर राहील, तेवढ्यासाठीच सोनारची गरज तपासावी; आणि तीही विक्रेत्याने आपल्याच जलाशयात, आपल्याच होडीवर एक सकाळ यंत्र चालवून दाखवल्यानंतर.