साइट क्वचित बदलते? मग हलकी सिस्टीम निवडा!



समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. वेबसाइटवर काय असणार? आमच्याविषयी, उत्पादनं, फोटो, पत्ता, व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि दरपत्रक. यातलं वरचेवर बदलतं ते फक्त दरपत्रक! बाकी पानं वर्षभर तशीच. अशा साइटसाठी सगळे एकच नाव सुचवतात: वर्डप्रेस.

वर्डप्रेस वाईट नाही. पण त्याला डेटाबेस लागतो, आणि थीम, प्लगइन सतत अपडेट ठेवावे लागतात. दुर्लक्ष झालं की जुन्या प्लगइनमधून हॅकर आत शिरू शकतात. ग्राहकाला मसाल्याऐवजी भलतीच जाहिरात दिसली, तर तो परत येईल का?

मग पर्याय काय?

१. गुगल साइट्स: फुकट आणि सगळ्यात सोपं. पण डिझाइनला मर्यादा आहेत, आणि साइट जशीच्या तशी दुसरीकडे नेणं अवघड.

२. पब्ली: हे मोफत सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवर बसवायचं. मजकूर लिहा, बटण दाबा, तयार पानं सर्व्हरवर जातात. सर्व्हरवर डेटाबेसच नाही, त्यामुळे साइट हलकी आणि देखभाल कमी. मात्र सगळा मजकूर त्या कॉम्प्युटरवर असतो, म्हणून बॅकअप हवाच.

३. ग्रॅव्ह: यात मजकूर डेटाबेसऐवजी साध्या फाइलींमध्ये राहतो. अ‍ॅडमिन पॅनेल बसवलं की ब्राउझरमधून कुठूनही बदल करता येतात. पण हे सर्व्हरवर चालतं, त्यामुळे अपडेट चुकत नाहीत.

चौकशीचा फॉर्म हवाय? पब्लीच्या साइटवर गुगल फॉर्म किंवा व्हॉट्सअ‍ॅपची लिंक द्या, काम भागतं. पण कार्ट, ऑनलाइन पेमेंट, स्टॉकचा हिशोब असं सगळं साइटवरच हवं असेल, तर हलक्या सिस्टीमचा हट्ट धरू नका. तिथे वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स किंवा शॉपिफाय बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साइट दुसऱ्याकडून बनवून घेताय? शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यासमोर बसा आणि हळदीचा दर स्वतः बदलून बघा. जमलं नाही, तर पुढे प्रत्येक छोट्या बदलासाठी त्याच्या मागे फिरावं लागेल आणि तोवर ग्राहक जुनाच दर मागेल. डोमेनही तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर हवं.

आजचं काम: तुमच्या साइटची पानं कागदावर लिहा आणि दर महिन्याला बदलणाऱ्या पानांवर खूण करा. खुणा एक-दोनच आहेत? मग हलकी सिस्टीम तुम्हाला पुरेशी आहे.