पाणगोगलगाईच्या पोटातला रोग

वरून गरीब दिसणाऱ्या माणसाला आपण ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणतो. तळ्यातल्या एका गोगलगाईच्या पोटात मात्र रोग असतो. कुकटपल्लीची तळी आता इमारतींनी वेढली आहेत. परंतु ज्यांची गावी भातखाचरे व गुरे आहेत, त्यांनी हा धडा ध्यानात घ्यावा.

ही गोगलगाय तपकिरी, चपट्या वेटोळ्याची. शास्त्रीय नाव इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. तिला कल्ले नसतात. पाण्यावर येऊन ती हवा घेते. म्हणून कुजक्या डबक्यातही ती तग धरते. नर व मादी एकाच देहात असल्याने एकटी गोगलगायही वंश वाढवू शकते.

ती चावत नाही. मग अपाय कसा? रोगी जनावराच्या शेणातून किंवा शेंबडातून जंताची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेले सूक्ष्म पिल्लू गोगलगाईत शिरते. काही आठवड्यांत एकाची शेकडो होऊन ती पाण्यात येतात व पाण्यात उभ्या असलेल्या गुरांच्या कातडीतून रक्तात शिरतात. गुरांचा घोरण्याचा रोग असाच होतो. त्याच्या जंताचे वर्णन एम. अनंत नारायण राव यांनी १९३३ मध्ये केले. अशाच जंतांची पिल्ले माणसाच्या कातडीत शिरून मरतात. लावणीच्या वेळी पायांना सुटणारी खाज पुष्कळदा त्यांचीच असते.

माणसालाही मोठा रोग होऊ शकतो, हे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावाने दाखविले. तेथील लोकांच्या लघवीतून रक्त जाई. १९५२ मध्ये गाडगीळ व शहा या डॉक्टरांनी तो रक्तातील जंताचा रोग असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९५५ मध्ये त्यांनी फेरिसिया टेन्युइस या, टोपीसारख्या शिंपल्याच्या, काही मिलिमीटरच्या गोगलगाईकडे बोट दाखविले. पण गोगलगाईला तो रोग दिला कोणी? पाण्यात लघवी करणाऱ्या माणसानेच! ही साखळी एका ठिकाणी तुटली, तरी रोग थांबतो.

म्हणून आम्ही सुचवितो:

१. तळ्यात व ओढ्यात मलमूत्र विसर्जन करू नये; मुलांनाही ही सवय लावावी.

२. गुरांना डबक्यात न सोडता हौदात पाणी पाजावे. शेण खड्ड्यात नीट कुजवावे; त्या उष्णतेने अंडी मरतात.

३. काठाचे शेवाळ व पाणवनस्पती काढाव्या. बदके गोगलगाई खातात.

४. मोरचूद मनाने ओतू नये, मासे मरतात.

५. जनावर घोरू लागल्यास किंवा नाकातून रक्त आल्यास पशुवैद्याला दाखवावे. माणसाच्या लघवीत रक्त दिसल्यास लाज न धरता डॉक्टरांकडे जावे. या जंतावर प्राझिक्वांटेल हे औषध आहे. ते त्यांच्याच सल्ल्याने घ्यावे.

गोगलगाय आपल्या वाटेने जाते. पाणी स्वच्छ राखणे मात्र आपल्याच हाती आहे.