स्विफ्ट खाली बसवू का?

प्रश्न : माझी स्विफ्ट रोज पुणे-चाकण धावते, अधूनमधून ऑटोक्रॉसलाही उतरते. लोअरिंग स्प्रिंग घालू की कॉइलओव्हर?

उत्तर : नुसत्या स्प्रिंगच्या वाटेला जाऊ नका. कडक, आखूड स्प्रिंग मूळ शॉकॲब्सॉर्बरला आवरत नाही. खड्ड्यात गाडी थेट बंपस्टॉपवर आपटते. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी फार उतरवली की खालचा आर्म चाकाकडे वर तिरपा होतो, रोल सेंटर घसरतं आणि वळणावर गाडी उलट जास्त झुकू पाहते. दिसते मात्र झकास!

आधी चांगले टायर, नवे बुश, अलाइनमेंट. मग डॅम्पिंग बदलता येणारे कॉइलओव्हर. उंची २०-२५ मिलिमीटरच कमी करा, गतिरोधकांना तेवढंही पुष्कळ. वळणात नाक बाहेर पळत असेल तर मागचं डॅम्पिंग किंचित कडक करा. पावसाळ्यात ते परत मऊ करा, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटेल.