पदराखालचं पोर

चि. सायली हिस,


तुझा फोन आला तेव्हा घरात माणसं होती, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ‘त्याला माझं दूधच नकोसं झालंय’ म्हणून रडलीस. अगं, चार महिन्यांचं पोर ते! आता कुठे त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाचं दिसायला लागलंय. पंखा फिरला, कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं, की दोन घोट घेऊन हा मान वळवणार, तेही तोंडातलं न सोडता! शिवाय या वयात मुलं पटापट पितात. अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत उरकलं म्हणजे पोट भरलं नाही असं नव्हे. दिवसरात्रीत सहा-सात लंगोट ओले होतायत आणि वजन चढतंय ना? मग सासूबाईंना दृष्ट काढायची तर खुशाल काढू दे, पण वरचं दूध सुरू करू नकोस. सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही.

पाजायला आतल्या खोलीत जा, पडदे ओढून घे. मोबाइल बाहेर ठेव; तू त्यात बघितलंस की तोही बघणारच. हाताला चाळा म्हणून मंगळसूत्र दे, ओढेल तर ओढू दे. आधी हातानं थोडं दाबून पान्हा फुटू दे, मग घे. पहिल्या चोखण्यालाच दूध आलं की चिडत नाही. भुकेनं रडेपर्यंत थांबू नकोस. अर्धवट झोपेत असतो ती वेळ सगळ्यात चांगली. दिवसाचं राहिलेलं तो रात्री वसूल करील, तेव्हा कंटाळू नकोस.

डोकं दाबून तोंड छातीला मात्र कधी लावायचं नाही. बळजबरी झाली की नुसतं आडवं घेतलं तरी पोरं किंचाळतात आणि ती धास्ती लवकर जात नाही. नको म्हणाला, तर पदर सावर, जरा फिरव, मग बघ.

अचानक प्रत्येक वेळी तोंड फिरवायला लागला, तर नाक चोंदलंय का, कान दुखतोय का, जिभेवर-गालात न पुसली जाणारी पांढरी बुरशी आहे का ते पाहा. नवा साबण, अत्तरही नडतं. तो पुन्हा नीट प्यायला लागेपर्यंत दूध काढून वाटी-चमच्यानं पाज, नाहीतर तुझी छाती दगडासारखी होईल. लघवी कमी झाली, ताप आला किंवा मलूल वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

तू धड जेवत नाहीस असं ताई म्हणत होती. डिंकाचे लाडू पाठवते आहे. दूध वाढावं म्हणून नव्हे, तुला आवडतात म्हणून.

तुझी,
मावशी