आधी हिशेब, मग खरेदी

सांगलीतील एका कुटुंबात विजेवर चालणारी मोटार येणार होती. तिला घरी वीज कशी पुरवावयाची, हा प्रश्न मात्र अद्याप सुटला नव्हता.

"भिंतीवर बसवावयाची मोठी पेटीच घेऊ," बाबा म्हणाले.

आजोबा हसून म्हणाले, "अरे, आधी हिशेब, मग खरेदी." त्यांनी नातीला कागद-पेन्सिल आणावयास सांगितले. "बाळ, एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. आपल्या मोटारीच्या बॅटरीत ३० युनिटे मावतात. घरातील वीज २३० व्होल्टची असते. तीन पायांच्या १६ अँपिअरच्या प्लगमधून तासाला सुमारे ३ युनिटे मिळतात, आणि ३२ अँपिअरच्या पेटीतून सुमारे ७."

"म्हणजे रिकामी बॅटरी भरण्यास प्लगवर दहा तास लागतील आणि पेटीवर चारांहून थोडे अधिक," नात म्हणाली. "पण बाबांचा रोजचा प्रवास ४२ किलोमीटरांचाच आहे. एका युनिटात मोटार सात किलोमीटर धावली, तर सहा युनिटे पुरतील. ती दोन तासांत भरतील आणि मोटार तर रात्रभर उभीच असते!"

"शाबास!" आजोबा म्हणाले.

"मग पडवीतला जुना प्लग आहेच," बाबा उत्साहाने म्हणाले. "आणखी खर्चच नको!"

आजोबांनी तरीही वायरमनला बोलावले. त्याने प्लग उघडला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "आजोबा, ही तार बारीक आहे, हिच्यावरच पाण्याचा पंपही चालतो आणि अर्थिंगची तार तर तुटलेलीच आहे. इस्त्री काही मिनिटे चालते; मोटार तासन्‌तास वीज ओढते. प्रवाह दुप्पट झाला, तर तारेतील उष्णता चौपट होते. वेष्टन वितळून आग लागावयास वेळ लागणार नाही. आणि गळती झाल्यास अर्थिंगवाचून मोटारीला हात लावणाऱ्यास धक्का बसेल."

बाबा निरुत्तर झाले. पावसात भिजून आलेली मुलगी मोटारीचे दार उघडत आहे, असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

शेवटी मीटरपासून स्वतंत्र जाड तार टाकण्यात आली. तिला स्वतःचा एम.सी.बी. दिला, उत्तम अर्थिंग केले आणि ३० मिलिअँपिअर वीज गळताच प्रवाह तोडणारा खटका बसविला. वीज कंपनीने मंजूर केलेला भार पुरेसा आहे, याचीही खात्री करून घेतली. पुढे गरज पडली, तर त्याच तारेवर मोठी पेटी बसविता येणार होती.

पेटीचा खर्च वाचला. परंतु तारेचा खर्च कोणी वाचविला नाही. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे ओळखणे हेच खरे शहाणपण होय.

स्वाध्याय
१. आजोबांनी खरेदीपूर्वी हिशेब का करविला?
२. जुना प्लग धोक्याचा का होता? तीन कारणे लिहा.
३. रोजचा प्रवास ८४ किलोमीटरांचा असता, तर प्लगवर किती तास लागले असते?
४. 'निरुत्तर होणे' आणि 'डोळ्यांपुढे उभे राहणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.