वाळू धरून ठेवणारा खुजा ओक

ओक म्हटला म्हणजे भव्य वृक्ष डोळ्यांपुढें उभा राहतो. आपल्या महाराष्ट्रांत तो आपोआप उगवत नाहीं. हिमालयांतील बांज मात्र याच वंशाचा. परंतु अमेरिकेंतील टेक्सस, न्यू मेक्सिको व ओक्लाहोमा या राज्यांच्या रेताड टापूंत या वंशाचें एक झुडूप लक्षावधि एकरांवर पसरलेलें आहे. तें बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच वाढतें. त्यास तिकडे शिनरी ओक म्हणतात. वालेरी हावार्ड नामक लष्करी वैद्य व वनस्पतिशोधक यांच्या सन्मानार्थ त्याचें शास्त्रीय नांव क्वेर्कस हावार्डी असें ठेविलें आहे. अशी जमीन आपल्या महसुली दप्तरांत लिहावयाची झाल्यास कोणीहि कारकून तिजपुढें निःशंकपणें ‘पोटखराबा’ लिहील. ती नोंद कितपत खरी, हें येथें पाहावयाचें आहे.

जमिनीखालील विस्तार :— या झुडपाचा फार मोठा भाग जमिनीखालीं असतो. वाळूच्या वरच्या थरांतून त्याचीं जाड भूमिगत खोडें आडवीं पसरतात व त्यांस जागोजाग धुमारे फुटतात. म्हणून वर शेंकडों झुडपें दिसलीं तरी पुष्कळदां तीं एकाच झाडाचीं असतात. असें एकेक झाड शेंकडों, कदाचित् हजारों वर्षांचें असावें, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कांहीं ठिकाणीं वर्षाचा पाऊस अवघा १३-१४ इंच; तथापि वाळूंत खोल मुरलेलें पाणी मुळें शोधून काढतात.

गुरांस अपाय :— वसंतांतील कळ्या व कोंवळीं पानें यांत टॅनिन हें तुरट द्रव्य फार असतें. तीं पोटभर खाल्लीं तर गुरांस बद्धकोष्ठ होतो, मूत्रपिंडें बिघडतात व कित्येक दगावतात. म्हणून पालवीच्या दिवसांत महिना-दीड महिना गुरें दुसऱ्या कुरणांत न्यावीं लागतात.

निर्मूलनाचे उपाय :— झुडपें कापलीं किंवा जाळलीं तरी भूमिगत खोडें शाबूत राहून पुन्हां दाट फुटवा येतो. इ. स. १९७० नंतर टेब्युथायुरॉन नांवाचें औषध प्रचारांत आलें. त्याच्या गोळ्या जमिनीवर टाकल्या म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर औषध मुळांत शिरतें. पानें वारंवार गळून मुळांतील सांठा संपतो व झुडूप मरतें. त्यानंतर गवत चांगलें माजलें, हेंहि खरें आहे.

दुसरी बाजू :— परंतु बियांपासून याचीं रोपें क्वचितच होतात. म्हणून एकदां मेलेलें झुडूप सहसा परत येत नाहीं. पुढें अवर्षणांत गवतहि सुकलें, तर वाळू धरणार कोण? वाऱ्यानें उघड्या जमिनीचें काय होतें, हें त्याच बाजूच्या सपाट प्रदेशानें १९३० नंतरच्या दशकांत अनुभविलें. गवताळ माळ नांगरले गेले, मागून अवर्षण आलें, आणि १४ एप्रिल १९३५ रोजीं धुळीच्या वादळानें भर दिवसां काळोख केला. त्याच महिन्यांत तेथील सरकारनें मृत्संधारणाचें स्वतंत्र खातें स्थापिलें. शिवाय या झुडपांमधील वाळूच्या खळग्यांत राहणारा एक लहान सरडा २०२४ सालीं नष्टप्राय प्राण्यांच्या सरकारी यादींत घालावा लागला. आतां झुडूप समूळ न मारतां, थोड्या औषधानें विरळ करावें, असा सल्ला तज्ज्ञ देतात.

बोध :— हिशेब मांडतांना खर्चाच्या बाजूस गुरांचा दीड महिना लिहिला जातो. जमेच्या बाजूस जागेवर राहिलेली जमीन मात्र लिहिली जात नाहीं, कारण ती नाहींशी होईपर्यंत दिसत नाहीं. आपली माती व आपलीं झुडपें निराळीं. त्यामुळें तेथील उपाय येथें जसाच्या तसा लागू नाहीं. परंतु पोटखराब्यांतील, ओढ्याकांठचें किंवा उतारावरील झुडूप काढण्यापूर्वीं त्याच्या बुडाशीं हातभर खणून पाहावें. मुळें कोणती माती धरून आहेत तें समजल्यावरच कुऱ्हाड उचलावी. आणि काढणें अवश्यच असेल, तर प्रथम सपाट भागांतील थोडें काढून दोन पावसाळे वाट पाहावी.